सांध्याची कूर्चा आणि एक्स-रे: काय दिसू लागले, काय उमगायचे आहे

गुडघा दुखतो म्हणून एक्स-रे काढला की डॉक्टर फिल्म दिव्यासमोर धरतात, मांडीचे आणि नडगीचे हाड यांच्यामधल्या काळ्या फटीवर बोट ठेवतात आणि ‘गॅप कमी झालीय’ असे सांगतात. ज्या कूर्चेबद्दल ते बोलत असतात ती त्या फिल्मवर कुठेच नसते. दोन हाडे एकमेकांजवळ आली, त्या अर्थी मधली गादी झिजली असणार, असा तो तर्क असतो. तर्क चुकीचा नाही, पण तो उशिरा कळणाऱ्या गोष्टीवर उभा आहे. फट अरुंद दिसेपर्यंत कूर्चेचे बरेच नुकसान झालेले असते.

राँटगेन यांना 1895 मध्ये एक्स-रे सापडले, त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे कूर्चा या किरणांना अशीच चकवत राहिली. गेल्या तीसेक वर्षांत मात्र सिंक्रोट्रॉन या अवाढव्य यंत्रातून निघणारे प्रखर किरण, किरणांच्या लहरीच्या टप्प्यातला बदल टिपणाऱ्या नव्या पद्धती, कूर्चेत मुरणारी आयोडीनची द्रव्ये आणि ऊर्जेनुसार किरण वेगळे मोजणारे डिटेक्टर यांनी चित्र पालटले. आज कूर्चेतली एकेक पेशी त्रिमितीत दाखवणाऱ्या एक्स-रे प्रतिमा छापून येतात. जगात 2019 मध्ये सुमारे 52.8 कोटी लोक सांध्यांच्या झिजेच्या विकाराने, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसने ग्रस्त होते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. झालेली झीज भरून काढणारे औषध अजून हाती नाही. त्यामुळे या प्रतिमांकडून अपेक्षा मोठ्या आहेत, आणि त्या कितपत पुऱ्या होतात हे शांतपणे तपासायची वेळ आली आहे.

कूर्चा मुळात कशी असते

हाडाच्या टोकावरची कूर्चा माणसाच्या गुडघ्यात साधारण 2 ते 4 मिलिमीटर जाड असते, वाटीच्या मागच्या बाजूला आणखी जाड. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत, आणि पेशीही मोजक्याच. तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणी असते. उरलेल्या भागात मुख्यतः दोन घटक: कोलॅजनचे तंतू आणि त्यांच्या जाळ्यात अडकलेले प्रोटिओग्लायकनचे अवाढव्य रेणू. या रेणूंवर ऋण विद्युतभार असतो. तो पाणी खेचून धरतो, ऊती फुगू पाहते, कोलॅजन तिला आवरून धरते. उभे राहिल्यावर गुडघा जो भार पेलतो तो या ओढाताणीच्या जोरावर. झिजेच्या सुरुवातीला प्रोटिओग्लायकन गळू लागतात, वरच्या थरातले तंतू विस्कटतात, आणि जाडीत अजून काहीच फरक पडलेला नसतो.

या तंतूंची मांडणी कशी असते याचे प्रसिद्ध चित्र जर्मन शरीरशास्त्रज्ञ बेनिंगहॉफ यांनी 1925 मध्ये मांडले. त्यानुसार तंतू खाली हाडाजवळ उभे निघतात, वर येता येता कमानीसारखे वळतात आणि पृष्ठभागाला समांतर होऊन पुन्हा खाली जातात. त्याच्याही खाली कॅल्शियम साचलेला कूर्चेचा थर आणि मग हाड. ही कमानींची कल्पना शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांत टिकली आहे. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काहींना तंतूंऐवजी पानांसारखे थर दिसले आणि वाद सुरू झाला. असा वाद कापलेल्या, वाळवलेल्या चकत्यांवर सुटणे कठीण, कारण चकती कापतानाच मांडणी बिघडते. न कापता आत पाहण्याची ओढ इथून येते.

एवढी काळजी कशासाठी, हेही सांगायला हवे. एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, असे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी लंडनमध्ये 1743 मध्येच नोंदवले होते. वैद्यकाने तेव्हापासून बरीच मजल मारली, तरी ते निरीक्षण मोठ्या प्रमाणात खरे आहे. म्हणून नुकसान होण्याआधी, निदान होत असताना ते दिसायला हवे.

फटीचे मोजमाप

साध्या एक्स-रेवरून झीज ठरवण्याची पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी 1957 मध्ये घालून दिली. 0 ते 4 अशा श्रेणी. फट किती उरली, कडेला हाडाचे काटे आले का, हाड कडक झाले का, यावर गुण. आजही दवाखान्यात हीच भाषा चालते. ती स्वस्त आहे, गावोगावी उपलब्ध आहे, आणि गुडघ्याच्या एका एक्स-रेत किरणांचा डोस नगण्य असतो. औषधांच्या चाचण्यांतही फटीची रुंदी हेच मोजमाप दीर्घकाळ वापरले गेले.

तिच्या मर्यादा सर्वांना मान्य आहेत. फट म्हणजे केवळ कूर्चा नव्हे. तिथे मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधला चंद्रकोरीसारखा गादीचा तुकडाही असतो. तो जागेवरून सरकला तरी फट अरुंद दिसते. उभे राहण्याचा कोन जरा बदलला तरी आकडा बदलतो. शिवाय ज्याची फट अरुंद आहे त्याला वेदना असतीलच असे नाही, आणि वेदनेने बेजार झालेल्याची फट कधी कधी शाबूत असते. पुढच्या सर्व पद्धती या अपुरेपणातून जन्मल्या.

शोषण नव्हे, वळण

साधा एक्स-रे चालतो तो किरण शोषले जाण्यावर. हाडातले कॅल्शियम किरण अडवते, कूर्चा आणि तिच्या बाजूचा सांध्यातला द्रव दोघेही जवळजवळ सारखेच सोडून देतात. पण पदार्थातून जाताना किरण नुसता क्षीण होत नाही. त्याच्या लहरीचा टप्पा मागेपुढे होतो आणि तो किंचित वळतो. उन्हात ठेवलेल्या घंगाळातले पाणी प्रकाश अडवत नाही, तरी तळाशी उजेडाची हलती जाळी उमटते, ती वरच्या लाटांनी किरण वळवल्यामुळे. एक्स-रेच्या बाबतीत हे वळण अतिशय सूक्ष्म असते, पण मऊ ऊतींमध्ये टप्प्यातला फरक शोषणातल्या फरकाच्या सुमारे हजारपट मोठा असू शकतो. कूर्चेसारख्या ऊतीला हे वरदानच.

हे तत्त्व जुने आहे. बॉन्झे आणि हार्ट यांनी 1965 मध्ये सिलिकॉनच्या स्फटिकातून एक्स-रेचा इंटरफेरोमीटर बनवला. ऊतींसाठी त्याचा उपयोग व्हायला 1990 चे दशक उजाडले. जपानमध्ये मोमोसे यांनी टप्प्यावर आधारित टोमोग्राफी केली. अमेरिकेत चॅपमन आणि सहकाऱ्यांनी स्फटिकाने वळलेले किरण गाळून घेण्याची पद्धत काढली. याच पद्धतीने 2002 मध्ये ब्रुकहेवनच्या सिंक्रोट्रॉनवर माणसाच्या गुडघ्याच्या आणि घोट्याच्या कूर्चेच्या प्रतिमा घेतल्या गेल्या. शिकागोच्या कूर्चासंशोधकांचा त्यात मोठा वाटा होता. कूर्चा तिथे स्वतः दिसत होती, तिच्या कडा आणि पृष्ठभागावरच्या चिरा दिसत होत्या.

त्यानंतर फ्रान्समधल्या ग्रेनोबल येथील युरोपियन सिंक्रोट्रॉनवर जर्मन आणि फ्रेंच गटांनी माणसाच्या वाटीच्या कूर्चेवर चिकाटीने काम केले. नमुन्याचे माप लक्षात घेण्यासारखे आहे. हाडासकट काढलेला काही मिलिमीटर व्यासाचा दंडगोल फिरत्या चौथऱ्यावर बसवतात आणि फिरताना त्याच्या हजारो प्रतिमा घेतात. संगणकाने त्या जोडल्या की वरून खाली उतरत जाता येते. पृष्ठभागाजवळ चपट्या, आडव्या पेशी. मधल्या थरात गोलसर आणि विखुरलेल्या. खाली एकीवर एक रचलेल्या, उभ्या रांगेत. झिजलेल्या नमुन्यात या रांगा मोडतात आणि पेशींचे घोळके दिसतात. सूक्ष्मदर्शकाखालच्या चकत्यांवरून विकृतिशास्त्रज्ञ जे ओळखत आले तेच इथे न कापता, सगळ्या बाजूंनी दिसते. या प्रतिमांच्या पोतावरून निरोगी आणि झिजलेली कूर्चा वेगळी ओळखायला संगणकाला शिकवण्याचे प्रयोगही झाले. निकाल उत्साहवर्धक आहेत, पण नमुने फार थोड्या व्यक्तींचे आहेत हे विसरून चालणार नाही.

आयोडीन मुरवून पाहणे

दुसरी वाट रसायनाची. कूर्चेत आयोडीनयुक्त द्रव्य मुरू दिले तर ते कुठे किती मुरले यावरून आतली रचना कळते. जॉर्जिया टेकमधल्या पामर, गुल्डबर्ग आणि लेव्हनस्टन यांनी 2006 मध्ये ऋणभारित द्रव्य वापरून सूक्ष्म सीटीवर हे दाखवले. प्रोटिओग्लायकनही ऋण, द्रव्यही ऋण. म्हणून निरोगी कूर्चा द्रव्याला दूर सारते आणि जिथे प्रोटिओग्लायकन गळाले तिथे ते जास्त मुरते.

बॉस्टनच्या ग्रिनस्टाफ आणि स्नायडर यांच्या गटाने 2009 मध्ये उलटे केले. त्यांनी चार धनभार असलेले आयोडीनचे रेणू घडवले. हे रेणू प्रोटिओग्लायकनकडे ओढले जातात, त्यामुळे कमी मात्रेतही संकेत ठळक येतो. दोन्ही बाजूंचे म्हणणे नीट समजून घेण्यासारखे आहे. ऋणभारित द्रव्यांच्या बाजूने जमेची गोष्ट ही, की ती रुग्णांसाठी आधीपासून वापरात होती. फिनलंडमधल्या कुओपिओच्या गटाने सांध्यात द्रव्य टोचून काही वेळाने पुन्हा सीटी काढण्याची पद्धत रुग्णांवर करून पाहिली ती याच आधारावर. धनभारित द्रव्ये जास्त संवेदनशील आहेत, पण नवा रेणू माणसाच्या सांध्यात टोचण्याआधी सुरक्षिततेची लांब वाट चालावी लागते.

खरी अडचण दोन्हींना सारखीच आहे. द्रव्य किती मुरले हे फक्त विद्युतभारावर ठरत नाही. वरचे कोलॅजन फाटले असेल, पाण्याचे प्रमाण वाढले असेल, तरीही ते जास्त मुरते. मग वाढलेला आकडा प्रोटिओग्लायकनबद्दल सांगतो की फाटलेल्या पृष्ठभागाबद्दल? शिवाय द्रव्य पुरते मुरून समतोल यायला प्रयोगशाळेत तासन्‌तास लागतात; रुग्ण तेवढा थांबू शकत नाही. कुओपिओच्याच संशोधकांनी यावर दोन द्रव्ये एकत्र वापरण्याचा तोडगा सुचवला: भारित आयोडीन आणि भाररहित गॅडोलिनियम. दोघांचे शोषण वेगवेगळ्या ऊर्जांवर बदलते, त्यामुळे एकाच वेळी दोन उत्तरे मिळतात. प्रत्येक फोटॉनची ऊर्जा मोजणारे सीटी यंत्र अमेरिकेत 2021 मध्ये रुग्णांसाठी मंजूर झाले, त्यामुळे हा तोडगा दवाखान्याच्या आवाक्यात येण्याची शक्यता निर्माण झाली आहे. रसायनाच्या वाटेवर मला हा सर्वांत आशादायक धागा वाटतो.

फिनलंडच्याच औलू विद्यापीठात फॉस्फोटंगस्टिक आम्लाने कोलॅजन रंगवून त्याची वाटणी सीटीवर दाखवली गेली. हे केवळ काढलेल्या नमुन्यांवर चालते, आणि रंगवताना ऊती आकसते.

तंतूंच्या मापावर

प्रतिमा न काढता किरण कसे विखुरतात यावरून रचना ओळखणे, ही तिसरी वाट. तिचा वारसा थेट भारतापर्यंत पोहोचतो. ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी मद्रास विद्यापीठाच्या भेटीत कोलॅजनची रचना अजून उलगडली नसल्याचे सुचवले, आणि जी. एन. रामचंद्रन यांनी गोपीनाथ कार्था यांच्यासह 1954 मध्ये एक्स-रे विवर्तनाच्या आधारे कोलॅजनच्या तिहेरी पेडाची रचना मांडली. पुढे तिच्यात सुधारणा झाल्या, पण तीन साखळ्या एकमेकींभोवती गुंफलेल्या असतात ही मूळ कल्पना टिकली. आज कूर्चेच्या तंतूंवर लहान कोनातल्या विखुरण्याचे जे प्रयोग होतात ते याच कुळातले.

कोलॅजनच्या तंतूवर सुमारे 67 नॅनोमीटर अंतराने एकसारखे पट्टे असतात. तंतू ताणला की हे अंतर वाढते, सैल पडला की घटते. म्हणजे विखुरलेल्या किरणांतून तंतूवरचा ताण मोजता येतो, आणि तोही ऊती ओली असताना, दाबाखाली. ब्रिटनच्या डायमंड सिंक्रोट्रॉनवर 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसले, की कूर्चेतले तंतू विश्रांतीतही आधीच ताणलेले असतात. प्रोटिओग्लायकनच्या फुगण्याने तो ताण टिकतो आणि दाब पडताच काही काळ उतरतो. वर सांगितलेली ओढाताण इथे आकड्यात पकडली गेली. या सबंध क्षेत्रातले हे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण ते रचनेवरून कामाकडे जाते. डायमंडवरच 2020 मध्ये उंदराचा अख्खा गुडघा यंत्रात दाबून त्याच्या आतले सूक्ष्म विस्थापन टोमोग्राफीने मोजले गेले. चकती कापून हे कधीच कळले नसते.

मतभेद कुठे आहेत

पहिला प्रश्न एमआरआयचा. कूर्चा एमआरआयवर दिसते, किरणांचा धोका नाही, पाणी आणि प्रोटिओग्लायकन यांच्याशी जोडलेली मोजमापे उपलब्ध आहेत. मग एक्स-रेचा एवढा खटाटोप का, असे विचारणाऱ्यांचे म्हणणे वजनदार आहे. उलट बाजू सांगते, की दवाखान्यातल्या एमआरआयचा एक ठिपका मिलिमीटरच्या काही दशांश भागाएवढा असतो. पेशी त्याहून कितीतरी लहान. आणि कॅल्शियम साचलेला थर, जिथे कूर्चा हाडाला चिकटते, तो नेहमीच्या एमआरआयवर जवळजवळ दिसत नाही. एक्स-रेला तो सर्वांत सहज दिसतो. माझ्या मते हा वाद दोन वेगळ्या कामांची गल्लत केल्याने वाढतो. रुग्णाच्या तपासणीत एमआरआयला बाजूला सारण्याच्या जवळपासही या पद्धती आलेल्या नाहीत. त्यांचे आजचे खरे काम एमआरआयच्या आकड्यांचा अर्थ पडताळण्याचे आहे: हा आकडा घटला तेव्हा ऊतीत नेमके काय बदलले?

दुसरा प्रश्न खोल आहे. टप्प्याच्या प्रतिमेत जे दिसते ते आहे तरी काय? पेशी आणि चिरा याबद्दल शंका नाही. पण कूर्चेच्या आत उभ्या रेघा दिसतात तेव्हा काही संशोधक त्यांना कोलॅजनच्या मांडणीचे दर्शन मानतात. इतर म्हणतात, घनतेतले बारीक फरक, पेशींच्या रांगा आणि गणिती प्रक्रियेतले अवशेष मिळूनही तशा रेघा उमटू शकतात. त्याच नमुन्याच्या चकत्या कापून, ध्रुवित प्रकाशात पाहून, रेघेला रेघ जुळवणे हाच उपाय आहे, आणि तो अजून पुरेशा नमुन्यांवर झालेला नाही. कमानी की पाने हा जुना वाद सोडवण्याची ताकद या पद्धतींत आहे. निकाल लागला असे म्हणवत नाही.

तिसरी गोष्ट नमुन्यांची. माणसाची कूर्चा बहुतेकदा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या भागातून मिळते, म्हणजे रोगाच्या शेवटच्या टप्प्यातली. तिच्यातला निरोगी दिसणारा कोपरा ‘निरोगी’ म्हणून घेतला जातो, हे धोक्याचे आहे. उंदराची कूर्चा इतकी पातळ असते की तिच्यात माणसाच्या कूर्चेतले थर नीट वेगळे होतच नाहीत. त्यात फॉर्मेलिन, अल्कोहोल, गोठवणे यांनी ऊती बदलते. ग्रेनोबलला 2020 च्या सुधारणेनंतर अख्खे मानवी अवयव स्कॅन करून हव्या त्या जागी पेशीपर्यंत जवळ जाता येऊ लागले. ते नमुनेही अल्कोहोलमध्ये ठेवलेले असतात, आणि ज्या ऊतीचा प्राणच पाण्यात आहे तिच्याबाबत ही तडजोड लहान नाही.

दवाखान्याची वाट

सिंक्रोट्रॉन म्हणजे शेकडो मीटर परिघाचे यंत्र. रुग्ण तिथे नेऊन चालणार नाही. सूक्ष्म प्रतिमांसाठी लागणारा डोसही जिवंत माणसाला देण्याजोगा नसतो. म्हणून 2006 मध्ये फायफर यांच्या गटाने जाळीदार पट्ट्या वापरून साध्या एक्स-रे नळीवर टप्प्याचे चित्र काढून दाखवले, तेव्हा आशा वाढली. त्याच तत्त्वावर मोमोसे यांच्या सहभागाने जपानमध्ये रुग्णालयासाठी यंत्र तयार झाले, आणि 2013 मध्ये जिवंत माणसाच्या बोटांच्या सांध्यांतली कूर्चा त्यावर दिसल्याचे प्रसिद्ध झाले. बोट बारीक असते, म्हणून तिथे जमले. गुडघा जाड, त्याला जास्त ऊर्जेचे किरण लागतात, आणि ऊर्जा वाढली की टप्प्याचा संकेत क्षीण होतो. म्युनिकच्या गटाने माणसाच्या मापाचे असे सीटी यंत्र उभे केले आहे, मात्र त्यांचा पहिला रोख फुप्फुसांवर आहे.

आपल्याकडे इंदूरच्या इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर प्रतिमाचित्रणाची बीमलाइन आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी ती उभारली, आणि टप्प्याचे चित्रण व सूक्ष्म टोमोग्राफी दोन्हीची सोय तिथे आहे. मुंबई-पुण्यात गुडघाबदलाच्या शस्त्रक्रिया रोज होतात आणि काढलेला भाग बहुधा टाकून दिला जातो. रुग्णाची संमती घेऊन त्यातला काही भाग अभ्यासाला मिळाला, तर मांडी घालून, उकिडवे बसणाऱ्या लोकांच्या सांध्यांवर भार नेमका कुठे पडतो, हा आपल्या भागाचा प्रश्न हाती घेता येईल. आजवरच्या प्रतिमा प्रामुख्याने खुर्चीवर बसणाऱ्या समाजांतल्या गुडघ्यांच्या आहेत.

अनिर्णित

सर्वांत मोठा उघडा प्रश्न रोगाच्या आरंभाचा आहे. रॅडिन आणि रोझ यांनी 1986 मध्ये मांडले, की आधी कूर्चेखालचे हाड कडक होते आणि मग वरची कूर्चा त्याच्या पायी फाटते. इतरांच्या मते कूर्चा आधी बिघडते आणि हाड तिला प्रतिसाद देते. आज बरेच जण सबंध सांधा एकदम आजारी पडतो असे मानतात. हाड, कॅल्शियमचा थर आणि कूर्चा तिन्ही एकाच प्रतिमेत दाखवणारी एक्स-रेसारखी दुसरी पद्धत नाही, त्यामुळे या प्रश्नावर तिचा हक्क पहिला. पण क्रम ठरवायचा तर तोच सांधा पुन्हा पुन्हा पाहावा लागतो, महिनोन्‌महिने. पेशी दिसतील इतक्या बारकाईने पाहायचे म्हटले तर डोस एवढा होतो की ऊती स्वतःच बदलते. म्हणून आज प्राण्यांच्या बहुतेक अभ्यासांत प्रत्येक सांधा एकदाच स्कॅन होतो आणि काळाचा क्रम वेगवेगळ्या प्राण्यांच्या सांध्यांवरून जुळवावा लागतो. कमी डोसमध्ये घेतलेल्या अपुऱ्या प्रतिमांतून संगणकाने पूर्ण चित्र उभे करण्याचे काम सध्या जोरात आहे. अशा उभ्या केलेल्या चित्रातली बारीक चीर खरी आहे की यंत्राने शिकलेल्या नमुन्यांतून भरलेली, हे तपासण्याची सर्वमान्य रीत ठरायची बाकी आहे.